मंगळवारची ओपीडी

सकाळी ८
राउंडची सुरुवात आजींपासून. योनिमुखाच्या कर्करोगाचं ऑपरेशन परवा झालं. दोन्ही जांघांतल्या गाठीही काढाव्या लागल्या, कारण हा आजार सहसा आधी तिथेच पसरतो. सिस्टरांनी ड्रेनमधला स्राव मोजून ठेवलाय. तो अजून बराच आहे, नळी आज निघणार नाही. "घरी कधी धाडता?" आजींचा ठरलेला प्रश्न. जखम भरत आली की लगेच, आजी.

९:३०
साठीच्या बाई, सोबत सून. सून म्हणते, "यांच्या अंगावर पांढरं जातंय." ती बाहेर गेल्यावर बाई हळूच सांगतात, "जागेवर खाज येती, बाई. दोन वरसं झाली." पिशवीतून मलमांच्या ट्यूब निघतात. काही बुरशीवरच्या, काही स्टेरॉइडच्या, सगळ्या पार पिळलेल्या. एवढ्या दिवसांत कुणी तपासलं का? नाही. तक्रार ऐकून चिठ्ठी लिहून दिली. संकोच बाईंना होता, तसा लिहिणाऱ्यालाही.

पडदा ओढून दिव्याखाली पाहते. कातडी पांढुरकी, पातळ झालेली. उजव्या बाजूला चिंचोक्याएवढी खरबरीत गाठ, मधोमध चिघळलेली. तेवढीच जागा बधिर करून कडेचा तुकडा काढते आणि फॉर्मॅलिनच्या डबीत टाकते. पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सरच असं नाही. लायकेन स्क्लेरोसस या त्वचाविकारात असेच चट्टे येतात आणि त्यावर स्टेरॉइडचं मलमच लागतं. पण या विकारात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून वरचेवर तपासावं लागतं. काही आठवड्यांत उतार पडला नाही, गाठ आली किंवा चिघळलं, तर तुकडा तपासायलाच हवा.

सून आत येते. "शिबिरात पॅप केला होता, नॉर्मल आला." तो गर्भाशयाच्या तोंडाचा असतो. योनिमुख, बीजांड, गर्भनलिका यांच्या आजारांसाठी ती तपासणी नाही. हे मी रोज सांगते, आणि रोज समोरची बाई चकित होते.

११:३०
द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाऐवजी पिशवीत वाढलेले द्राक्षासारखे फोड, साफ केलेली तरुण मुलगी. दर आठवड्याच्या रक्ततपासणीत बीटा एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकाचा आकडा आधी उतरत गेला, आता सलग चढतोय. म्हणजे उरलेल्या पेशी कर्करोगासारख्या वाढू लागल्या. इथे तुकडा काढत नाही, रक्तस्रावाचं भय असतं. निदान या आकड्यावरच होतं. छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी लिहून देते.

सासूबाई विचारतात, "पिशवी काढायची का?" नाही. कमी जोखमीच्या आजारात मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन बहुतेकदा पुरतं, नाही पुरलं तर दुसरी औषधं आहेत, आणि जवळपास सगळ्या मुली बऱ्या होतात. १९५६ साली अमेरिकेत ली आणि हर्ट्झ यांनी याच औषधाने कोरिओकार्सिनोमा हा याच जातीचा कर्करोग बरा करून दाखवला. ते औषध तयार झालं लेडर्ले प्रयोगशाळेत, आंध्रातल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली. पसरलेला कर्करोगही बरा होतो हे ज्या आजारांनी दाखवलं, त्यांतला हा पहिल्या रांगेतला. मुलीला एकच अट घालते: उपचार संपल्यावर वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत. नाहीतर आकडा गरोदरपणाने चढला की आजाराने, हे कळत नाही.

दुपारी २:३०
जेवून ट्यूमर बोर्ड, म्हणजे कर्करोगाच्या केसेसवर डॉक्टरांची बैठक. सोळा वर्षांची मुलगी, पोट वाढलं म्हणून आणलेली. बीजांडाचा डिसजर्मिनोमा नावाचा कर्करोग. गाठीचं बीजांड तेवढं काढायचं, गर्भाशय आणि दुसरं बीजांड राखायचं. दुसऱ्या केसमध्ये पाळी गेल्यावर वाढत राहिलेला फायब्रॉइड आहे. सार्कोमाची, म्हणजे कर्करोगाची, शंका असताना आत तुकडे करून काढला तर पेशी पोटभर पसरतात. पोट उघडून अखंड काढायचा, यावर सगळ्यांचं एकमत.

५
सकाळची डबी पॅथॉलॉजीत पोचल्याची खात्री करते. नाव, वय, कुठल्या बाजूचा तुकडा, सगळं पुन्हा वाचून घेते. रिपोर्टला काही दिवस लागतील. बाईंना पुढच्या मंगळवारी बोलावलंय, भाड्याचे पैसे आहेत ना तेही विचारलं.

वाचणाऱ्या बायांना माझी विनंती आहे. खाज हटत नसेल, गाठ लागत असेल, पाळी गेल्यावर अंगावरून रक्ताचा थेंबही गेला असेल, तर चिठ्ठीवर समाधान मानू नका. "मला तपासा," असं स्पष्ट म्हणा. नाही तपासलं, तर दुसरा डॉक्टर गाठा.