श्रमकरार आणि जबलपूरची विडी
१९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत ना. म. जोशी हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते. तेथील करारात दिवसाला आठ तासांचे तत्त्व ठरले. हिंदुस्थानापुरती मात्र आठवड्याला साठ तासांची मुभा राहिली. ती कोणाच्या सोयीची, हे सांगणे नलगे. १९२२ च्या कारखाना कायद्यात हीच मर्यादा उतरली. परंतु त्यातला 'कामगार' कारखान्याच्या भिंतीआतला. जबलपुरात घरी बसून तेंदूच्या पानांत तंबाखू वळणारी स्त्री त्या शब्दात मावत नव्हती. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने तिला व्याख्येत घेतले. गृहश्रमाचा आंतरराष्ट्रीय करार त्यानंतर तीस वर्षांनी, १९९६ मध्ये झाला. भारताने त्यास अद्याप मान्यता दिलेली नाही. पान-तंबाखू तिला विकून विड्या 'विकत' घेतल्याचे दाखविणारी ठेकेदारी पद्धत तर तिला पुन्हा व्याख्येबाहेर ढकलू पाहते.