पासवर्ड फुटलेलाच आहे, असं धरून
लेखांक 6

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका भाडेकरूच्या घरी. ईमेल त्याने पाठवलेला नव्हता, त्याचं वायफाय मात्र वापरलं गेलं होतं. ऑगस्टमधला पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला, आणि 13 सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले त्या वेळचा ईमेल चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. घर, कॉलेज आणि कंपनी. तिन्ही ठिकाणांहून वस्तू किंवा फाइल काहीच चोरीला गेलं नाही. वापरला गेला तो फक्त त्यांचा पत्ता. 2009 च्या सुरुवातीला मुंबई पोलीस रस्तोरस्ती फिरून उघडी वायफाय शोधू लागले, ते या प्रकारांमुळे. ‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ असं विचारणाऱ्या छोट्या कार्यालयांना याहून नेमकं उत्तर देता येणार नाही. राउटरमागची सगळी उपकरणं बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात आणि इंटरनेट कंपनीच्या दप्तरी तो पत्ता तुमच्या नावावर असतो.

त्यानंतर बहुतेकांनी पासवर्ड लावले आणि विषय संपला असं मानलं. माझं म्हणणं असं की विषय तिथून सुरू होतो. दहा माणसांच्या कार्यालयात वायफायचा पासवर्ड गुपित राहतच नाही. तो ऑडिटला आलेल्या मुलांना दिला जातो, एसी दुरुस्त करणाऱ्याला दिला जातो, दोन महिन्यांच्या इंटर्नला दिला जातो आणि ते सगळे निघून गेल्यावरही त्यांच्या फोनमध्ये राहतो. अँड्रॉइड 10 पासून तर एका फोनवरचा क्यूआर कोड दुसऱ्याने स्कॅन केला की काम झालं. मालकाला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. तेव्हा नेटवर्कची मांडणी करताना पासवर्ड बाहेरच्या कोणाला तरी ठाऊक आहे हे गृहीत धरावं आणि मग विचारावं, की तो वापरून आत आलेला माणूस कुठवर पोचतो?

याचा अर्थ पासवर्ड कसाही चालेल असा नव्हे. आज सर्वाधिक वापरात असलेल्या डब्ल्यूपीए 2 या वायफाय सुरक्षापद्धतीत फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते. खाली रस्त्यावर गाडीत बसलेला माणूस ती टिपून घेऊ शकतो आणि मग घरी जाऊन, राउटरशी पुन्हा संबंध न येता, एकेक पासवर्ड ताडून पाहू शकतो. तीन चुका झाल्या की दार बंद, ही सोय इथे नाही. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख प्रयत्न करू शकतं. आपल्याकडची आवडती पद्धत म्हणजे मालकाचा मोबाइल नंबर हाच पासवर्ड. भारतातले मोबाइल नंबर 6 ते 9 या अंकांनी सुरू होतात, म्हणजे शक्यता उरल्या 400 कोटी. त्या वेगाने त्या सगळ्या तपासायला जेमतेम 67 मिनिटं लागतात. (बरेचदा तो नंबर दारावरच्या पाटीवर असतो, तेव्हा तेवढीही नाहीत.) याउलट पाच हजार शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून काढलेले चार शब्द, उदाहरणार्थ उखळ, तिकीट, पारवा, सातू, रोमन लिपीत ओळीने लिहिले, तर सगळ्या शक्यतांना सुमारे वीस वर्षं लागतील. पाचवा शब्द जोडला की एक लाख वर्षं. शब्द मात्र चिठ्ठ्यांनीच काढायचे. गाण्याची ओळ किंवा म्हण घेतली तर ती कोणाच्या तरी यादीत असतेच.

काही उपायांवर कार्यालयं विनाकारण विसंबतात. नेटवर्कचं नाव लपवून उपयोग नाही, कारण फोन जोडला जाताना ते नाव उघड्यावर बोललं जातं. ठरावीक मॅक पत्त्यांनाच, म्हणजे उपकरणांच्या ओळखक्रमांकांनाच, प्रवेश देणं हेही तसंच: ते पत्ते हवेतल्या प्रत्येक फ्रेममध्ये उघडे असतात आणि कोणालाही आपल्या लॅपटॉपला लावता येतात. पासवर्डऐवजी पिनने जोडू देणाऱ्या डब्ल्यूपीएस या सोयीचा आठ अंकी पिन याहून वाईट. शेवटचा अंक केवळ पडताळणीचा, आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी 11,000 प्रयत्न पुरतात. 2011 च्या डिसेंबरमध्ये हे जाहीर झालं. राउटरमध्ये ही सोय दिसली की बंद करावी.

आता मूळ मुद्दा. जवळजवळ प्रत्येक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. ते चालू करून ‘स्थानिक नेटवर्कला प्रवेश’ बंद ठेवला, की त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळतं, कार्यालयातले संगणक दिसत नाहीत. पाहुण्यांबरोबर कर्मचाऱ्यांचे खासगी फोन, टीव्ही आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआरही तिकडेच पाठवावेत. मुख्य नेटवर्कवर उरतील फक्त कामाचे संगणक आणि प्रिंटर. जाणकार यावर एक रास्त आक्षेप घेतात: आज बँकेपासून ईमेलपर्यंत सगळं एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध होऊन चालतं, मग कोणी आत आला तरी त्याला वाचता काय येणार? बाहेरच्या साइटशी होणाऱ्या संवादापुरतं हे खरं आहे. पण करसल्लागाराच्या कार्यालयात ग्राहकांचे पॅन, आधारच्या प्रती आणि बँकेचे उतारे असतात शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर बहुधा विनापासवर्ड उघडतो, कारण ‘आपलीच तर माणसं आहेत’. तिथे एचटीटीपीएसचा काहीच संबंध येत नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी राखण न केल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या कार्यालयाला तेवढा दंड होईल असं कोणी म्हणत नाही, पण जबाबदारी कोणाची हे कायद्याने ठरवून टाकलं आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. गेस्ट नेटवर्कने फाइली वाचल्या, पण आयपी पत्ता तर तोच! सानपाड्यात झालं ते पाहुण्यांच्या नेटवर्कवरूनही होऊ शकतं. हे मान्यच करायला हवं. विभागणीने कागद वाचतात, नाव वाचत नाही. म्हणून गेस्ट नेटवर्कलाही पासवर्ड हवा, तो दर महिन्याला बदलायला हवा आणि कामाच्या वेळेनंतर ते नेटवर्क आपोआप बंद व्हावं अशी वेळ लावायला हवी. यात कामाची गैरसोय नाही, कारण कामाचे संगणक त्यावर नसतातच; त्या वेळेत सीसीटीव्ही बाहेरून पाहता येणार नाही, एवढंच. त्याही पुढे जाऊन मी म्हणेन, की ज्या कार्यालयात मोबाइलची रेंज नीट येते, तिथे पाहुण्यांना वायफाय द्यायचंच कशाला? 2016 नंतर डेटा इतका स्वस्त झाला आहे की चहा विचारला तेवढं आदरातिथ्य पुरे.

राहिलं मुख्य नेटवर्क. त्याचा पासवर्ड एरवी बदलण्याची गरज नाही, पण कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी बदलायचा. डब्ल्यूपीए 2 मध्ये पासवर्ड माहीत असलेला माणूस जोडणीच्या वेळचे संदेश टिपून इतरांची वाहतूकही उलगडू शकतो, तेव्हा गेलेल्या माणसाच्या सज्जनपणावर हे सोडता येत नाही. डब्ल्यूपीए 3 ने ही त्रुटी काढली आणि घरी बसून अंदाज लावण्याचा मार्गही बंद केला. 2020 च्या जुलैपासून वाय-फाय अलायन्सचं नवं प्रमाणपत्र हवं असेल तर ते अनिवार्य आहे. अडचण असते ती जुन्या प्रिंटरची. त्याच्याखातर राउटर ‘डब्ल्यूपीए 2 आणि 3’ अशा मिश्र पद्धतीत ठेवला, तर जुनी वाट उघडीच राहते. अशा प्रिंटरला केबलने जोडावं आणि राउटर निव्वळ डब्ल्यूपीए 3 वर न्यावा. केबलला दीडदोनशे रुपये पडतात.