रंग हाच विषय : चित्रकार वासुदेव गायतोंडे

आमच्या वाडीतील एका मुलीला इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी तिची रंगपेटी माळ्यावर गेली, कारण पुढे दहावीचे वर्ष होते. तिच्या वडिलांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांच्या घरात शिक्षण कष्टाने आले, त्यांना मुलांचे भवितव्य पक्क्या नोकरीत दिसणे साहजिकच आहे. आम्हीही कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरमागे बसलो ते याच विचाराने. परंतु रंग ही केवळ हौस आहे की विचार करण्याचीही एक रीत आहे, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर ज्यांच्या कामात सापडते, त्या चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे यांचा परिचय विद्यार्थ्यांना व्हावा, म्हणून हा अल्प प्रयत्न.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळ गोव्याचे. लहानपण मुंबईत गिरगावच्या चाळीत गेले. १९४८ साली त्यांनी सर जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. सूझा, रझा, हुसेन, आरा आदी तरुणांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ते १९५० साली सामील झाले. १९५७ साली टोकियो येथे तरुण आशियाई चित्रकारांसाठीचा पुरस्कार, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचा प्रवास आणि १९७१ साली पद्मश्री, असे मानसन्मान त्यांना लाभले.

आता त्यांच्या धाडसाविषयी. आपली समजूत अशी असते की, रंग म्हणजे आकृतीत भरायची वस्तू. आंबा पिवळा, झाड हिरवे, आभाळ निळे. गायतोंडे यांनीही सुरुवातीला माणसांच्या आकृती काढल्या. लघुचित्रांचा आणि पॉल क्ली या युरोपीय चित्रकाराचा त्यांच्यावर प्रभाव होता. परंतु पुढे त्यांनी आकृतीच सोडून दिली आणि रंग हाच चित्राचा विषय केला. माणसापेक्षा उंच कॅनव्हास, आणि त्यावर एकच पिवळा, एकच लाल किंवा एकच गर्द हिरवा रंग आपल्या अनेक छटांसह पसरलेला! बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिले नाही.

"यात समजायचे काय?" असे कोणी विचारील. त्यांनी आषाढातल्या पावसात मालवणच्या राजकोट किनाऱ्यावर उभे राहून पाहावे. समोरचा सिंधुदुर्ग किल्ला दिसेनासा होतो. समुद्र कुठे संपला आणि आभाळ कुठे सुरू झाले, ते कळत नाही. एका राखाडी रंगाशिवाय काही नसते, तरी आपण बघत राहतो. तेव्हा 'याचा अर्थ काय' असे आपण विचारत नाही. गायतोंडे यांच्या चित्रासमोर तसेच उभे राहायचे असते.

मात्र हा रंग एका झटक्यात फासलेला नाही. रोलरने आणि पातळ पात्याच्या सुरीने ते रंगाचा थर देत, तो खरवडत, पुन्हा वर थर देत. कधी मासिकांच्या फाडलेल्या कागदांचे तुकडे ओल्या रंगावर दाबून रंग टिपून घेत. त्यामुळे खालचा थर वरच्यातून उजेडासारखा दिसतो. हातात ब्रश घेण्यापूर्वीचा त्यांचा विचारच दीर्घ असे, म्हणून वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे होत. १९८४ साली त्यांना गंभीर अपघात झाला. मोठे कॅनव्हास हाताळणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी कागदावर लहान चित्रे केली आणि पुढे ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट जवळची वाटेल. गायतोंडे यांना झेन विचाराची विशेष ओढ होती. 'झेन' हा शब्द मूळ आपलाच. संस्कृतातील 'ध्यान', पालीतील 'झान', तेच बौद्ध भिक्खूंबरोबर चीनमध्ये 'चान' आणि जपानमध्ये 'झेन' झाले. शब्दांच्या पलीकडचे मौन आणि समोरच्या क्षणाकडे पूर्ण लक्ष, ही त्यातील शिकवण. त्यांच्या चित्रांत बुद्धमूर्ती नाही, पण ती शांतता आहे. धीटपणा म्हणजे भडकपणा नव्हे, हे त्यांच्यापासून शिकावे.

त्यांचा प्रभाव पुढे टिकून राहिला. नसरीन मोहमदी यांच्यासारख्या चित्रकर्तीला त्यांचे मार्गदर्शन लाभले. आजच्या आपल्या जिल्ह्यातील नेरूरपार येथे १९४६ साली जन्मलेले प्रभाकर कोलते हेही अमूर्त चित्रांच्याच वाटेने गेले. १९७२ ते १९९४ या काळात त्यांनी जे. जे. मध्ये विद्यार्थी घडवले आणि मराठीत कलेवर लेखनही केले. म्हणजे ही वाट आपल्या कर्ली नदीच्या काठावरूनही जाते. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन भरवले. २०१५ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला सुमारे २९ कोटी रुपये आले. आमचा जन्म नोटा मोजण्यात चालला आहे, तरी सांगतो की त्या आकड्याने चित्र मोठे झाले नाही. ते चितारले गेले तेव्हाच मोठे होते.

विद्यार्थी मित्रहो, एक प्रयोग करून पाहा. एकच रंग घ्या. आकृती न काढता, गडदापासून फिक्यापर्यंत त्याच्या जितक्या छटा जमतील तितक्या एका कागदावर उतरवा. अर्धा तास पुरे. एका रंगात किती रंग दडलेले असतात, ते हाताला कळेल. आणि पालकांना एवढीच विनंती की, अभ्यास अवश्य करून घ्या, पण माळ्यावरची रंगपेटी खाली काढा. त्या पेटीने दहावीचे गुण कमी होत नाहीत. मूल एका जागी बसून, लक्ष देऊन पाहायला शिकते, आणि ते शिक्षण त्याला पुढे कोणत्याही खुर्चीवर उपयोगी पडते.