३० बाइटांचा 'महाराष्ट्र'

व्हॉट्सॲपच्या जमान्यात आयआरसी हे नाव पुराणकाळातलं वाटेल. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात १९८८ साली यार्को ओइकारिनेन यांनी ते सुरू केलं. तरी मुक्तस्रोत प्रकल्पांवर काम करणारी बरीच मंडळी आजही तिथे गप्पा मारतात, तेही इर्सी किंवा वीचॅटसारख्या क्लायंटमधून. चित्रं नाहीत, फुगे नाहीत. टर्मिनलवर नुसत्या अक्षरांच्या ओळी.

अशा क्लायंटमध्ये लांबलचक मराठी वाक्य लिहिलं आणि समोरच्याला ओळीच्या टोकाशी चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसलं, तर काय बिघडलं असेल?

मूळ १९९३ च्या आयआरसीच्या नियमावलीत आहे. एक संदेश जास्तीत जास्त ५१२ बाइटांचा. त्यातच ओळ संपल्याची खूण, आज्ञा, खोलीचं नाव आणि सर्व्हर पुढे जोडतो तो तुमचा पत्ता. उरलेल्या जागेत इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ लागतात. शिवाय काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. 'महाराष्ट्र' मोजून बघा: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. १० चिन्हं, ३० बाइट! रोमन लिपीत हाच शब्द ११ बाइटांत मावतो. (रोमनमधून मराठी लिहिणाऱ्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये.)

क्लायंटने डोळे मिटून बाइट मोजून ओळ कापली, की एखाद्या अक्षराचे २ बाइट इकडे आणि १ तिकडे जातो. दुरुस्ती सोपी आहे. यूटीएफ-८ मध्ये अक्षराच्या मधल्या आणि शेवटच्या बाइटांची सुरुवात नेहमी १० या दोन बिटांनी होते. कापायच्या जागी असा बाइट दिसला, तर तो नसेपर्यंत मागे सरकायचं. सी भाषेत दोन-तीन ओळींचं काम.

पण एवढ्याने मराठी वाचत नाही. अक्षर शाबूत राहिलं तरी 'ष्' या ओळीत आणि 'ट्र' पुढच्या ओळीत जाऊ शकतो. किंवा नवी ओळ बिचाऱ्या एकट्या कान्याने सुरू होते. म्हणून आधी मोकळी जागा शोधून तिथे कापावं, आणि नसेलच तर जोडाक्षराच्या हद्दीवर. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या मानकात आला तोच मुळी २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत.

रुंदीचा बग याहून चिवट. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. उकाराला शून्य चौकटी, पण कान्याला शून्य की एक? क्लायंट एक म्हणाला आणि टर्मिनल शून्य, की कर्सर भरकटतो आणि शेजारची नावांची यादी वेडीवाकडी होते. इथे एकट्या क्लायंटला दोष देणं मला पटत नाही. सी लायब्ररी आणि टर्मिनल यांचंही एकमत लागतं.

पूर्वी नीट चालणारं मध्येच बिघडलं असेल, तर गिटची 'बायसेक्ट' आज्ञा कामी येते. दरवेळी उरलेले बदल निम्मे करत गेलं, की १,००० बदलांतला दोषी साधारण १० चाचण्यांत सापडतो. मात्र चाचणीला वाक्य हवं, आणि ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला तुटलेला 'ष्ट्र' खटकणारच नाही. ती तक्रार आपल्यालाच नोंदवावी लागते. नोंदवताना टर्मिनलचं नाव, भाषेची सेटिंग आणि नेमकं वाक्य द्यावं. वाक्य मजकूर म्हणूनच चिकटवा. नुसत्या स्क्रीनशॉटमधून बाइट मोजता येत नाहीत.