पहाटेची घुबडं (११) : एक डोळा उन्हात

मेळघाटच्या रानपिंगळ्याकडे आज जायचं कबूल केलं होतं. जात नाही. साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून हात शिवशिवतायत. ते विचारतात, सातव्या भागातल्या छायाचित्रात पिंगळ्याची एक बाहुली मोहरीएवढी आणि दुसरी मिऱ्याएवढी दिसते. त्याला इजा झाली होती, की तुम्ही संगणकावर काही करामत केलीत?

दोन्ही नाही. आपल्या एका डोळ्यावर बॅटरी मारली तरी दोन्ही बाहुल्या एकदम आक्रसतात. डॉक्टर तेच तर तपासतात. पक्ष्यांत ही जोडगोळी जवळपास सुटलेली असते. घुबडाचा प्रत्येक डोळा आपल्यापुरता उजेड बघतो आणि आपल्यापुरती बाहुली लहानमोठी करतो. शिवाय आपल्या बुबुळाचे स्नायू संथ, पोटातल्या आतड्यांच्या जातीचे. पक्ष्यांचे मुख्यतः हातापायांच्या स्नायूंच्या जातीचे, त्यामुळे सगळा कारभार झटक्यात.

तो फोटो पुरंदरच्या पायथ्याशी एका बांधावरच्या चिंचेचा. ढोलीचं तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात रात्रपाळी संपवून पिंगळ्यांची जोडी ढोलीच्या तोंडाशी येऊन बसते, ऊन खायला. मी साडेसहापासून बांधामागे, तांदळाच्या पिशवीवर लेन्स टेकवून. तेव्हा दोन्ही डोळे नुसते काळे, भोवती पिवळी रेघ. आयएसओ ३२००, शटर १/१२५. सूर्य उगवला तो त्यांच्या डावीकडून. उन्हाची तिरीप खोडाच्या कडेवरून आत शिरली, डावा डोळा पिवळाधमक झाला आणि उजवा अजून रात्रीतच राहिला.

फोटो मात्र लगेच मिळाला नाही. घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट, हाडांच्या कड्यात घट्ट बसवलेले. खोबणीत फिरतच नाहीत. बघायचं तर अख्खी मान वळवायची. मानेत १४ मणके, आपल्या दुप्पट. मान वळली की ऊन या डोळ्यावरून त्या डोळ्यावर जातं आणि बाहुल्यांची अदलाबदल होते. त्यात पिंगळा अनोळखी माणसाकडे बघताना डोकं खालीवर, आजूबाजूला डोलावतो. वेगवेगळ्या कोनांतून बघून अंतर जोखायची त्याची ती रीत. पक्षी ‘बसलेला’ आहे म्हणून १/१२५ वर विसंबून मी पहिला हिवाळा अख्खा वाया घालवला. आता १/५०० च्या खाली येत नाही, दाणे दिसले तरी चालतील.

शेताचे मालक, सत्तरीचे आजोबा, माझं हे बघून म्हणाले, “पूर्वी पिंगळा दारात यायचा, पहाटंचं कुडमुडं वाजवत. त्यो निदान भविष्य तरी सांगायचा. ह्यो काय सांगतो रं तुला?” पाखराची भाषा कळते म्हणून त्या जोश्याचं नाव पिंगळा. मला एवढंच कळतं की पाच मिनिटांत ऊन दुसऱ्या डोळ्यावर येणार.

आणि घाई असतेच. इंग्रजी पुस्तकांतला ‘सोनेरी तास’ तिकडच्या अक्षांशांचा. डिसेंबरात लंडनला सूर्याला क्षितिजावरून ६ अंश वर यायला जवळपास तास लागतो. आपल्याकडे तो सरळ चढतो, अर्ध्या तासात खेळ खलास. एक्स्पोजर मी उन्हातल्या डोळ्यावर घेतो, नाहीतर पिवळा रंग जळून पांढरा पडतो. फोकस मात्र सावलीतल्या डोळ्यावर. मित्र हसतात, पण त्या मोठ्या काळ्या बाहुलीत आभाळ उतरलेलं असतं. घुबडाचा चेहरा सपाट, दोन्ही डोळे समोर. त्याने सरळ बघितलं तर एफ/८ ला दुसराही डोळा रेखीव येतो.

हा खेळ पिवळ्या डोळ्यांच्या घुबडांतच दिसतो. गव्हाणी घुबडाचं बुबुळच काळं, तिथे बाहुली कुठे संपते ते लेन्समधून कळत नाही. आणि ज्या बाहुल्या एवढ्या सताड उघड्या असतात त्यांच्यावर पहाटे फ्लॅश मारणाऱ्यांबद्दल मी इथे लिहिलं तर संपादक कापतील.

सातव्या भागातला फोटो ७ वाजून १२ मिनिटांचा. साडेसातला चारही बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या आणि आजोबांनी चहाला हाक मारली होती. मेळघाट पुढच्या आठवड्यात. रानपिंगळा भर दिवसाही शिकार करणारा गडी आहे, थांबेल.