गल्ली राखणारी पोरे: शिकागोचे यंग लॉर्ड्स

शिकागोच्या लिंकन पार्क भागात १९५९च्या सुमारास पोर्तो रिकन वंशाच्या सात पोरांनी ‘यंग लॉर्ड्स’ नावाची टोळी काढली. पुढाकार ओर्लांडो डाविलाचा होता. पुढे टोळीचा नेता झालेला होसे ‘चा चा’ हिमेनेझ तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचा. मारामाऱ्या, चोऱ्या, अमली पदार्थ हे सगळे या टोळीने केले. आणि दहाच वर्षांत याच टोळीने एक चर्च ताब्यात घेऊन तिथे पाळणाघर आणि मोफत दवाखाना चालवला. ही कथा सहसा वाल्याचा वाल्मीकी झाल्याच्या थाटात सांगितली जाते: हिमेनेझ १९६८ साली साठ दिवस तुरुंगात गेला, तिथे त्याने थॉमस मर्टन, मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स वाचले आणि बाहेर आला तो दुसराच माणूस. वाचन खरे आहे, त्याचा परिणामही खरा आहे. पण एका माणसाच्या मनात झालेल्या बदलाने अख्खी टोळी का बदलावी, याचे उत्तर त्यात मिळत नाही. ते उत्तर मला घरांच्या आणि जमिनीच्या इतिहासात दिसते.

पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि १९१७ पासून तिथले लोक अमेरिकी नागरिक आहेत. कागदोपत्री ही माणसे परदेशी नव्हतीच. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावरची शेती मोडत गेली, नवे कारखाने सगळ्यांना सामावून घेईनात आणि कुटुंबेच्या कुटुंबे न्यूयॉर्क-शिकागोकडे निघाली, तेव्हा त्यांच्या वाट्याला परक्यांचेच जिणे आले. शिकागोत ती आधी शहराच्या मध्यभागाजवळ, क्लार्क स्ट्रीटच्या आसपास स्वस्त भाड्याच्या खोल्यांत राहिली. पुढे त्या परिसरात जुनी घरे पाडून कार्ल सँडबर्ग व्हिलेज ही मध्यमवर्गीयांची वसाहत उभारली गेली. उठलेल्या कुटुंबांपैकी बरीच लिंकन पार्कला सरकली. तिथे आधीपासून असलेल्या गोऱ्या टोळ्या या पोरांना रस्त्यात गाठून मारत. यंग लॉर्ड्सचा जन्म त्या माराला उत्तर म्हणून झाला.

टोळीची एकमेव मालमत्ता म्हणजे तिच्या ताब्यातल्या चार गल्ल्या. पुनर्विकासाचे पाडकाम लिंकन पार्कलाही पोचले आणि भाडेकरू एकेक करून उठू लागले, तेव्हा राखायला गल्लीच उरणार नाही, हे या पोरांना दिसू लागले. २३ सप्टेंबर १९६८ रोजी, पोर्तो रिकोत स्पेनविरुद्ध झालेल्या लारेसच्या उठावाला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, यंग लॉर्ड्सने स्वतःला राजकीय संघटना म्हणून जाहीर केले. त्यांनी पहिली धडक मारली ती वस्तीचा पुनर्विकास ठरवणाऱ्या समितीच्या सभेवर. पुढे मे १९६९मध्ये मॅनुएल रामोस हा त्यांचा साथीदार कामावर नसलेल्या पोलिसाच्या गोळीने मेला. त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी मॅकॉर्मिक सेमिनरीच्या इमारतीत ठिय्या दिला आणि तिला रामोसचे नाव दिले. ही धर्मशिक्षणाची संस्था त्या भागातली मोठी जमीनधारक होती. तिने स्वस्त घरांसाठी सहा लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे कबूल केले, तेव्हा ठिय्या उठला. जूनमध्ये आर्मिटेज अव्हेन्यूवरचे मेथडिस्ट चर्च ‘लोकांचे चर्च’ झाले. तिथले पाद्री ब्रूस जॉन्सन यांनी पोरांची बाजू घेतली. सप्टेंबर अखेरीस त्यांचा आणि पत्नी यूजिनिया यांचा राहत्या घरी खून झाला. त्या खुनाचा छडा आजवर लागलेला नाही.

यावर पहिला आक्षेप असा की पाडकाम अनेक वस्त्यांत झाले, मग सगळ्या टोळ्या का नाही बदलल्या? शिकागोतच वाढलेली लॅटिन किंग्ज ही टोळी गुन्हेगारीच्या वाटेने कितीतरी पुढे गेली. आक्षेप वजनदार आहे. जमिनीने प्रश्न उभा केला; उत्तर सुचायला संगत लागली, हे मान्य करायला हवे. ती संगत ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेची आणि तिचे शिकागोतले नेते फ्रेड हॅम्प्टन यांची होती. हॅम्प्टन यांनी पँथर, यंग लॉर्ड्स आणि गरीब दक्षिणी गोऱ्यांची यंग पॅट्रियट्स यांची ‘रेनबो कोएलिशन’ बांधली. शिवाय लिंकन पार्कात प्रतिपक्षाला पत्ता होता: सेमिनरी, विद्यापीठ, रुग्णालये. ज्याच्या दारात जाऊन बसता येते, त्याच्याशी लढता येते. दुसरा आक्षेप न्यूयॉर्ककडे बोट दाखवतो. यंग लॉर्ड्सच्या तिथल्या शाखेने १९६९मध्ये ईस्ट हार्लेमचा न उचललेला कचरा रस्त्यावर आणून टाकला आणि १९७०मध्ये लिंकन रुग्णालय काही तास ताब्यात घेतले. त्यात कॉलेजात शिकलेली मुले पुष्कळ होती; म्हणजे टोळीची पार्श्वभूमी गौणच, असे म्हणतात. पण न्यूयॉर्कच्या मुलांनी नाव, जांभळ्या टोप्या आणि आपल्या वस्तीतूनच लढण्याची रीत शिकागोहून घेतली. ती रीत घडली होती गल्लीत, एकमेकांसाठी मार खाताना.

टोळीचे दोषही सोबत आले, हे झाकण्यात अर्थ नाही. मर्दानगीचा तोरा त्यांतला सर्वांत जड. न्यूयॉर्कच्या पहिल्या जाहीरनाम्यात मर्दानगी ‘क्रांतिकारक’ असावी, असे कलम होते. स्त्री कार्यकर्त्यांनी भांडून १९७०मध्ये ते बदलायला लावले. शिकागोतही बायकांना आपला वेगळा गट काढावा लागला. ज्या निष्ठेने ही पोरे एकत्र राहिली तिच्यात आई-बहिणींना ‘राखण्याची’ भाषा होती, निर्णयात त्यांची जागा नव्हती. ती जागा मिळवून देणारा बदल यंग लॉर्ड्सना कुणी बाहेरून शिकवला नाही, त्यांच्यातल्या बायकांनी घडवून आणला. संघटनेच्या इतिहासात तो चर्चच्या ताब्याइतकाच मोठा मानायला हवा.

लिंकन पार्क मात्र हातचे गेले. आज ते शिकागोतल्या महागड्या भागांपैकी एक आहे. ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे पोलिसांच्या छाप्यात हॅम्प्टन मारले गेले; हिमेनेझवर खटल्यांमागून खटले लागले, तो भूमिगत झाला आणि अखेरीस शिक्षा भोगून आला. म्हणून सारे फुकट गेले असे म्हणणाऱ्यांनी १९७५ सालाकडे पाहावे. त्या वर्षी हिमेनेझ शहराच्या उत्तर भागातून महापौर रिचर्ड डेली यांच्या पक्षयंत्रणेविरुद्ध नगरसेवकपदाला उभा राहिला. तो हरला. पण त्या प्रचारात घरातून उठवल्या गेलेल्यांचा प्रश्न मतपेटीपर्यंत पोचला आणि १९८३मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले तेव्हा पोर्तो रिकन मते त्यांच्या बाजूला वळवण्यासाठी हिमेनेझ पुन्हा दारोदार फिरला.