विश्लेषण : चपट्या ढेकणांचा ‘नवा वंश’ सापडतो, म्हणजे नेमके काय घडते?

कुजक्या लाकडाच्या सालीखाली राहणारे हे कीटक जेमतेम नखाएवढे असतात. पण त्यांच्यातला एखादा ‘नवा वंश’ जाहीर करायचा, तर तो जंगलात सापडणे पुरेसे नसते. जाती आणि वंश यांत फरक काय, तो कसा ठरतो आणि सह्याद्रीच्या जंगलांशी त्याचा संबंध काय, याविषयी…

‘सह्याद्रीत आढळली नवी प्रजाती’ असा मथळा वर्षातून अनेकदा वाचायला मिळतो. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला २६/११च्या हल्ल्यातील हुतात्मा पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘इसियस तुकारामी’ हे नाव देण्यात आले, तेव्हा त्याची मोठी बातमी झाली होती. त्या नावातला ‘तुकारामी’ हा शब्द नवा होता. ‘इसियस’ हा शब्द मात्र शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत होता. म्हणजे जाती नवी, पण वंश जुना. काही वेळा मात्र हा पहिला शब्दच नव्याने घडवावा लागतो. कीटकांच्या ज्या कुळांत असे अजूनही घडते, त्यांपैकी एक आहे चपट्या ढेकणांचे.

चपटे ढेकूण म्हणजे कोण?

नाव ढेकूण असले, तरी हे अंथरुणातले रक्तपिपासू ढेकूण नव्हेत. शास्त्रीय भाषेत या कुळाला ‘अ‍ॅराडिडी’ म्हणतात. शेतकऱ्यांच्या ओळखीचे मावा, तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण ज्या मोठ्या गणात येतात, त्याच हेमिप्टेरा गणात हेही येतात. या सगळ्यांचे तोंड चावण्यासाठी नव्हे, तर टोचून शोषण्यासाठी बनलेले असते.

जगभरात चपट्या ढेकणांच्या सुमारे २,००० जाती ज्ञात आहेत. त्या २००हून अधिक वंशांत विभागलेल्या आहेत. बहुतेकांची लांबी ३ ते ११ मिलिमीटर, रंग तपकिरी-काळा आणि अंग इतके चपटे, की साल आणि खोड यांच्यामधल्या फटीत ते सहज मावतात. यातले बहुतेक मेलेल्या लाकडात वाढणाऱ्या बुरशीवर जगतात. बुरशीचे धागे लाकडात खोलवर गेलेले असतात. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी या कीटकांकडे दोऱ्यासारख्या बारीक सुया असतात. काही जातींत त्या शरीरापेक्षाही लांब असतात आणि वापरात नसताना डोक्याच्या आत वेटोळे करून ठेवलेल्या असतात.

सगळेच बुरशीवर जगतात असे नाही. युरोपातील ‘अ‍ॅराडस सिनॅमोमियस’ ही जाती पाइनच्या कोवळ्या झाडांचा रस शोषते आणि तिथल्या वनखात्यांसाठी ती कीड आहे. ऑस्ट्रेलियातील ‘अ‍ॅराडस अल्बिकॉर्निस’ जळालेल्या जंगलाकडे धाव घेते. तिच्या छातीच्या भागावर उष्णतेची प्रारणे टिपणारी इंद्रिये असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे.

जाती, प्रजाती, वंश… गोंधळ कुठे होतो?

मराठी बातम्यांत ‘स्पीशीज’साठी सर्रास ‘प्रजाती’ हा शब्द वापरला जातो. परिभाषा कोशांत आणि विश्वकोशात मात्र ‘स्पीशीज’ला जाती म्हटलेले आढळते, तर ‘जीनस’साठी प्रजाती किंवा वंश हे शब्द येतात. त्यामुळे ‘नवी प्रजाती’ असे वाचल्यावर नेमके काय नवे, हे मथळ्यावरून कळत नाही. या लेखात ‘स्पीशीज’साठी जाती आणि ‘जीनस’साठी वंश हे शब्द वापरले आहेत.

सोपे उदाहरण संगणकाचे घेता येईल. जाती ही फाइल, वंश हे फोल्डर आणि कुळ हे त्याहून मोठे फोल्डर. नवी फाइल बहुतेकदा जुन्या फोल्डरमध्ये ठेवता येते. ती कुठल्याच फोल्डरमध्ये बसत नसेल, तर नवे फोल्डर करावे लागते. पण हे उदाहरण एका जागी तोकडे पडते. संगणकात आपण सोयीप्रमाणे फोल्डर करू शकतो. जीवशास्त्रात एका वंशात ठेवलेल्या सगळ्या जातींचा पूर्वज एक असावा, अशी अपेक्षा असते. म्हणून नवा वंश जाहीर करणे हा उत्क्रांतीविषयीचा दावा असतो.

पहिला वंश कसा वेगळा झाला?

१७५८ साली कार्ल लिनियसने प्राण्यांच्या नामकरणाचा पाया घातला, तेव्हा त्याने ढेकणांसारखे दिसणारे बहुतेक कीटक ‘सायमेक्स’ या एकाच वंशात ठेवले. अंथरुणातला ढेकूण ‘सायमेक्स लेक्ट्युलेरियस’ आणि झाडाच्या सालीवरचा चपटा कीटक ‘सायमेक्स बेट्युली’ अशी त्यांची नावे होती. म्हणजे कागदोपत्री दोघे सख्खे शेजारी.

१८०३ साली लिनियसचा शिष्य योहान ख्रिश्चन फॅब्रिसियस याने चपट्या कीटकांना वेगळे काढून ‘अ‍ॅराडस’ हा वंश स्थापन केला. ‘सायमेक्स बेट्युली’चा झाला ‘अ‍ॅराडस बेट्युली’. कीटक तोच, नावातला दुसरा शब्दही तोच. बदलला तो पत्ता. नवा वंश प्रत्येक वेळी जंगलातूनच येतो असे नाही, तो जुन्या पेटाऱ्याची फेरतपासणी करतानाही निघू शकतो, हे यावरून दिसते.

वंश वेगळा आहे, हे ओळखतात कशावरून?

पहिली अडचण असते ती कीटक नीट दिसण्याचीच. अनेक बिनपंखी चपट्या ढेकणांच्या अंगावर माती आणि स्राव यांचा घट्ट थर बसलेला असतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली अलगद काढल्याशिवाय खालची रचना दिसत नाही. त्यानंतर तपासणी सुरू होते. श्वासरंध्रे पोटाच्या खालच्या बाजूला आहेत की कडेला, शोषनळी ज्या खाचेत बसते ती उघडी आहे की बंद, गंधग्रंथींचे तोंड कसे आहे, छाती आणि पोटावरची कवचे एकमेकांना कुठे चिकटली आहेत, अशा गोष्टींवर वंश ओळखले जातात. जाती ओळखताना नराच्या जननेंद्रियांची रचना फार महत्त्वाची ठरते.

यात एक मोठा सापळा आहे. उष्ण कटिबंधातील दमट जंगलांत राहणाऱ्या चपट्या ढेकणांनी अनेकदा, स्वतंत्रपणे पंख गमावले आहेत. पंख गेले की छातीची रचनाही साधी होते आणि वेगवेगळ्या घराण्यांतले कीटक एकमेकांसारखे दिसू लागतात. ‘दोघांनाही पंख नाहीत, म्हणजे दोघे नातलग’ असा निष्कर्ष काढला, तर वंशावळ चुकते. काही जातींत याच्या उलट घडते. एकाच जातीतल्या काही माद्यांचे पंख आखूड, तर काहींचे पूर्ण वाढलेले असतात. अशा वेळी एकाच जातीला दोन नावे दिली जाण्याचा धोका असतो.

म्हणूनच एखाद-दुसऱ्या खुणेवर नवा वंश उभा राहत नाही. अनेक खुणा एकत्र याव्या लागतात आणि जवळच्या प्रत्येक वंशापासून हा वेगळा कसा, हे लिहून दाखवावे लागते. आता डीएनएची जोड मिळते. मात्र संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांतून तो मिळवणे अवघड असते, आणि जीवाश्मांच्या बाबतीत तर सगळी भिस्त रचनेवरच असते.

म्यानमारच्या राळेतून आलेला वंश कोणता?

याचे एक उदाहरण २००१ सालचे आहे. ऑस्ट्रियातील चपट्या ढेकणांचे अभ्यासक अर्न्स्ट हाइस आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतील डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी म्यानमारच्या अंबरमध्ये अडकलेल्या एका चपट्या ढेकणाचे वर्णन प्रसिद्ध केले. अंबर म्हणजे झाडाची राळ घट्ट होऊन झालेला जीवाश्म. राळ खोडावरून ओघळते आणि चपटे ढेकूण खोडावरच राहतात. त्यामुळे ते तिच्यात अडकले, यात नवल नाही.

हा कीटक आजच्या कुठल्याच वंशात बसेना, तेव्हा त्याच्यासाठी ‘आर्किअ‍ॅराडस’ हा नवा वंश करण्यात आला. प्राचीन अ‍ॅराडस, असा त्याचा साधारण अर्थ. जातीला देशाच्या जुन्या नावावरून ‘बर्मेन्सिस’ म्हटले गेले. नंतरच्या अभ्यासांत म्यानमारच्या या अंबरचे वय सुमारे ९.९ कोटी वर्षे ठरले. म्हणजे डायनोसॉर वावरत होते, तेव्हाही चपट्या ढेकणांचे कुळ अस्तित्वात होते. एका वंशाच्या नोंदीने कुळाच्या इतिहासाला अशी तारीख मिळते.

नाव देण्याचे नियम काय आहेत?

प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे. वंशाचे नाव संपूर्ण प्राणिसृष्टीत एकमेव असावे लागते. एखाद्या माशाच्या किंवा गोगलगायीच्या वंशाला ते आधीच दिलेले असेल, तर ढेकणाला ते मिळत नाही. मात्र एका अक्षराचा फरक असला तरी चालतो. प्रत्येक नव्या वंशासाठी एक ‘प्रमाण जाती’ ठरवावी लागते. पुढे वंशाची फोड झाली, तरी नाव त्या जातीबरोबर राहते. जातीसाठी तसाच एक प्रमाण नमुना ठरवतात आणि तो जपून ठेवला जातो. केवळ ऑनलाइन प्रसिद्ध होणाऱ्या वर्णनांना २०१२पासून मान्यता आहे. त्यासाठी ‘झूबँक’ या नोंदवहीत नोंद करावी लागते.

संहिता नावाची वैधता ठरवते, दाव्याचा खरेपणा नाही. पुढच्या अभ्यासकाला तो वंश वेगळा वाटला नाही, तर तो त्याला जुन्या वंशात विलीन करू शकतो. निकोलस कोर्मिलेव्ह आणि रिचर्ड फ्रोशनर यांनी १९८७ साली जगभरातील चपट्या ढेकणांची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्या शीर्षकातच ती समानार्थी नावांसह केलेली सूची असल्याचा उल्लेख आहे. एकाच कीटकाला कोणी, कधी, कोणते नाव दिले होते, याचा हिशेब ठेवणे हेही या शास्त्राचे मोठे काम आहे.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

नवा वंश ही महाराष्ट्रालाही नवी गोष्ट नाही. गोड्या पाण्यातील खेकड्यांचा ‘घाटियाना’ हा वंश २०१४ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्रातील संशोधकांनी स्थापन केला. पश्चिम घाटातल्या ‘घाट’ या शब्दावरूनच ते नाव आले. त्यानंतर ‘घाटियाना’त आणखी जातींची भर पडली. नव्या फोल्डरचा उपयोग होतो तो असा.

कीटकांच्या बाबतीत हे काम अधिक किचकट आहे. भारतातील ढेकूणवर्गीय कीटकांची पायाभूत नोंद विल्यम लुकास डिस्टंट यांनी १९०२ ते १९१८ या काळात सात खंडांत केली. त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. सह्याद्रीत मिळालेला कीटक खरोखर नवा आहे का, हे सांगायचे तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नमुन्यांशी त्याची तुलना करावी लागते. त्यासाठी एक तर तिथे जावे लागते किंवा चांगली छायाचित्रे मिळवावी लागतात.

आता भारतात सापडणाऱ्या नव्या जीवाचा नमुना देशातच राहावा, यासाठी कायदा आहे. जैविक विविधता कायदा, २००२च्या कलम ३९नुसार नव्या जीवाची माहिती सरकारने नेमलेल्या संग्रह संस्थेला कळवणे आणि नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. उद्याच्या अभ्यासकाला तुलनेसाठी लंडन गाठावे लागू नये, हा त्याचा एक फायदा.

सामान्य माणसाने याची दखल का घ्यावी?

बिनपंखी चपटा ढेकूण उडून दुसऱ्या डोंगरावर जाऊ शकत नाही. त्याचे जग म्हणजे आसपासची काही पडलेली खोडे आणि त्यांच्यातली बुरशी. त्यामुळे अशा कीटकांच्या काही जाती अगदी लहान भूभागापुरत्या मर्यादित असू शकतात. ‘सफाई’ म्हणून किंवा सरपणासाठी पडके लाकूड उचलले, की जंगल वरून हिरवेच दिसते, पण त्यांचे घर गेलेले असते. आणि ज्याला नाव नाही, तो नाहीसा झाल्याची नोंदही होत नाही.

सह्याद्रीतल्या अनेक देवरायांत देवाच्या नावाने पडलेली काटकीही न उचलण्याची प्रथा आहे. भाविकांच्या मनात कीटक नसतील, पण कुजणारे खोड जागच्या जागी राहू देणारी ही प्रथा बुरशीवर जगणाऱ्या जिवांच्या फायद्याचीच आहे. अशी खोडे काळजीपूर्वक तपासणारे आणि त्यावर सापडलेला कीटक कुठल्या फोल्डरमध्ये बसतो, हे सांगू शकणारे तज्ज्ञ मोजकेच आहेत. वर्गीकरणशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या कमी होत असल्याची चिंता जगभर व्यक्त होते, ती यामुळेच.

तेव्हा पुढच्या वेळी ‘नवा वंश सापडला’ असे वाचनात आले, तर तीन प्रश्न विचारून पाहावेत. तो जवळच्या कोणत्या वंशांपासून वेगळा ठरवला? कोणत्या खुणांवरून? आणि नमुना कुठे ठेवला आहे? या तिन्हींची उत्तरे बातमीत असतील, तर दुसऱ्या अभ्यासकाला तो दावा पुन्हा तपासून पाहता येतो, आणि विज्ञानात दाव्याला वजन येते ते त्यामुळेच.